फोलेलाचा धडा: मोजणं आणि ऐकणं

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, ही संशोधक मंडळी येतात, फॉर्म भरून घेतात, रक्त काढून नेतात आणि निघून जातात. ज्याचं रक्त काढलं त्याच्या पदरात काय पडतं?" मी तेव्हा काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. घरी गेल्यावर ते माझं मलाच पटेना. म्हणून आज तोच प्रश्न घेतो, आणि त्यासाठी तुम्हाला 1940 सालच्या दक्षिण आफ्रिकेत नेतो. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, वैद्यकाचा नव्हे. पण 'एखादी गोष्ट आपल्याला कळली, असं केव्हा म्हणायचं?' हा आमच्या ज्ञानमीमांसेतला जुना प्रश्न आहे. इथे तो थेट जगण्यामरण्याचा होतो.

नाताळ प्रांतात ड्रेकन्सबर्ग पर्वताच्या बाजूला फोलेला हा झुलू लोकांचा राखीव मुलूख. 'राखीव' या शब्दाने फसू नका. 1913 च्या जमीन कायद्याने देशातल्या बहुसंख्य काळ्या लोकांसाठी जेमतेम 7 टक्के जमीन ठेवली होती. 1936 मध्ये हे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास नेण्याचं ठरलं, एवढंच. जमीन झिजलेली, माणसं दाटीने राहणारी. कर भरायला रोकड हवी, म्हणून पुरुष खाणींत आणि शहरांत मजुरीला. घरी बायका, म्हातारी माणसं आणि पोरं.

अशा ठिकाणी सिडनी आणि एमिली कार्क हे तरुण डॉक्टर दांपत्य सरकारी आरोग्य केंद्र सुरू करायला आलं. सोबत एडवर्ड जाली हे वैद्यकीय सहायक आणि त्यांच्या पत्नी अमेलिया जाली या परिचारिका. हे दोघे तिथल्या लोकांची भाषा आणि रीतभात जाणणारे. कार्कांनी दवाखाना उघडला, पण दारात येईल त्यालाच तपासायचं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. भोवतालची सुमारे 130 घरं निवडली आणि घरोघर नोंद सुरू केली. घरात कोण कोण राहतं, काय खातात, पाणी कुठून आणतात, कोण जन्मलं, कोण गेलं. दर वर्षी त्यात नवी घरं जोडत गेले. हिशोब लागला तेव्हा दिसलं की जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे 275 मुलं वर्षाची व्हायच्या आत दगावतात. आणि बहुसंख्य लोकांच्या अंगावर कुपोषणाच्या खुणा होत्या.

इथवरचं काम कोणताही चांगला सर्वेक्षक करील. वेगळेपण पुढे आहे. ही माहिती फाइलीत गेली नाही. आरोग्य सहायक ती घेऊन पुन्हा त्याच घरांत गेले, लोकांना एकत्र बसवून बोलू लागले. वाडवडील काय खात होते, हे आठवून पाहायला सांगितलं. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून निघालं की पूर्वी ताटात दूध, मांस, बाजरीसारखी धान्यं, रानभाज्या असं बरंच काही असे. आता सगळा भार मक्यावर, आणि मका हे मुळात बाहेरून आलेलं पीक. म्हणजे 'तुमची परंपरा चुकीची' असं सांगावं लागलं नाही. त्यांच्याच इतिहासातून परसबागेची वाट निघाली.

दुधाचं प्रकरण तर ऐकण्यासारखं आहे. झुलू रीतीप्रमाणे सुनेने सासरच्या गुरांचं दूध प्यायचं नाही. गरोदर बाईला दुधाची गरज सर्वांत जास्त, आणि तिलाच मनाई! केंद्राने या रीतीशी वाद घातला नाही. बंदी नेमकी कशावर आहे, हे विचारलं. बंदी गुरांशी असलेल्या नात्यावर होती. मग दुधाची भुकटी आणली. तिचा कुणाच्या गोठ्याशी संबंध नव्हता. सासवांनीही हरकत घेतली नाही.

पण ऐकण्यात चूक झाली की काय होतं, तेही सांगतो. कार्कांच्या नंतर फोलेला सांभाळणाऱ्या डॉ. जॉन कॅसल यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. एका मुलीला क्षय झाला होता. तिच्यापासून इतरांना रोग लागतो, म्हणून तिला इस्पितळात पाठवा, असं डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं. वडिलांनी साफ नकार दिला. का? रोग पसरवण्याची ताकद चेटकिणीत असते, अशी तिथली समजूत. डॉक्टर शास्त्र सांगत होते, आणि बापाच्या कानावर 'तुमची मुलगी चेटकीण आहे' हा आरोप पडत होता. बोलण्यातून ही गोष्ट उलगडली, माफी मागितली गेली, तेव्हा कुठे मुलगी इस्पितळात गेली. डॉक्टरांचं विधान खरं होतं, तरी ज्याच्यासाठी ते उच्चारलं त्याच्यापर्यंत सत्य पोचलंच नव्हतं. तर्कशास्त्राच्या पुस्तकात ही अडचण सापडत नाही बरं का!

दशकभरात पहिल्या वर्षातले बालमृत्यू हजारी 100 च्या आसपास आले. 1942 ते 1944 या काळात हेन्री ग्लुकमन यांच्या आयोगाने फोलेलाचा नमुना समोर ठेवून देशभर सुमारे 400 केंद्रांची शिफारस केली. प्रत्यक्षात 40 च्या आसपासच उभी राहिली. 1948 मध्ये वंशभेदाचं राज्य आलं आणि ही सारी योजना आवळत गेली. कार्क दांपत्याने 1958 मध्ये देश सोडला.

आता कटू भाग. 1949 मध्ये सिडनी कार्क यांनी उपदंश रोगावर एक निबंध लिहिला. या रोगाचं मूळ लोकांच्या चारित्र्यात नसून पुरुषांना घरापासून तोडणाऱ्या मजुरीच्या पद्धतीत आहे, असं त्यांनी दाखवलं. निदान अचूक होतं. पण त्यावरचं औषध दवाखान्यात नव्हतं, ते कायदा करणाऱ्यांच्या हातात होतं, आणि त्यांना ते द्यायचं नव्हतं. पुढे त्याच प्रांतात एड्स पसरला, तेव्हा अभ्यासकांना हा निबंध पुन्हा काढून वाचावा लागला.

मग हे सगळं वाया गेलं का? तसं म्हणता येत नाही. 1957 मध्ये जॅक गायगर नावाचा अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी कार्कांकडे शिकायला आला. पुढे त्याने मिसिसिपीतल्या गरीब काळ्या वस्तीत तसंच केंद्र उभं केलं. तिथले डॉक्टर उपाशी मुलांना औषधासारखं अन्नही लिहून देत. आपल्याकडे आरोळे दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं तेही स्वतंत्रपणे याच जातकुळीचं: गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आधी ऐकायचं आणि मग त्यांच्याच हाती आरोग्य सोपवायचं.

तेव्हा जिन्यातल्या त्या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं. माहिती ज्याच्याकडून घेतली, त्याच्याकडे ती परत जाते का, आणि त्याला तिच्यावर 'नाही, असं नाही' म्हणता येतं का, एवढं तपासा. जिथे हे घडतं तिथे मोजणं हीच शुश्रूषा होते. आणि कारण दवाखान्याबाहेर, कायद्यात किंवा जमिनीच्या वाटपात सापडलं, तर ते स्पष्ट लिहून ठेवणं हेही संशोधकाचं काम आहे, मग सत्तेला रुचो वा न रुचो.

ते श्रोते आज आले असतील, तर पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा.