माडी, मोह आणि मेंदू

रायगडमधल्या पेण आणि रोहे तालुक्यांत पिण्याचा इतिहास झाडांपासून सुरू होतो. खाडीपट्ट्यात माड, ताड आणि शिंदी, डोंगराकडे मोह. माड-ताडाची पोय (फुलोरा) छेदून मडक्यात उतरणारा रस पहाटे गोड, बिनमद्याचा असतो. हवेतले यीस्ट त्यात काही तासांत काम सुरू करते आणि दुपारपर्यंत माडीत चार-पाच टक्के अल्कोहोल तयार होते. दुसऱ्या दिवशी ती आंबटढाण होऊन शिरक्याकडे झुकते. माडी साठवता येत नाही आणि पोट भरल्यावर फार पिता येत नाही, त्यामुळे मात्रेला आपोआप बंध पडत असे.

मोहाचे तसे नाही. फाल्गुन-चैत्रात गळणारी फुले वाळवली की धान्यासारखी टिकतात. कातकरी आणि ठाकूर घरांत ती अडीअडचणीला खाल्लीही जात. भिजवून, आंबवून भट्टी लावली की त्यांतून माडीच्या कितीतरी पट तीव्र दारू निघते.

ब्रिटिश सरकारने या दोन्हींवर हात ठेवला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप सरकारी देखरेखीखाली गेले, विक्रीचे मक्ते दिले जाऊ लागले आणि माडीच्या झाडांवरचा कर वाढला. माडी काढणाऱ्या भंडारी समाजाने त्याविरुद्ध आवाज उठवला. 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्या-विकण्यावर निर्बंध घातले. ज्या फुलावर डोंगरातली माणसे अडचणीच्या दिवसांत पोट भरत, तेच बाळगणे गुन्हा ठरावे, हा त्या कायद्याचा सर्वात कठोर भाग होता. घरची, ऋतूतली दारू मागे पडली आणि पैसे मोजून घ्यायची तीव्र दारू पुढे आली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर काळा गूळ आणि नवसागर वापरणारी हातभट्टी पसरली. चोरून मिळणारी दारू लपूनच प्यायची असते, म्हणजे घाईने. बंदी पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाली, पण घाईने पिण्याची सवय उरली.

मेंदूच्या दृष्टीने हीच घाई महत्त्वाची. मध्यमेंदूतल्या एका लहान भागातून निघालेल्या पेशी पुढच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अ‍ॅक्युंबन्सला डोपामिन पुरवतात. हे रिवॉर्ड सर्किट, म्हणजे मोबदल्याचे मंडल. 1954 मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी दाखवले की, मेंदूत विशिष्ट जागी विजेचा हलका झटका मिळावा म्हणून उंदीर कळ दाबतच राहतो. डोपामिन केवळ सुख देत नाही. ‘हे पुन्हा कर’ असे शिकवते. रक्तातली अल्कोहोलची पातळी जितकी झपाट्याने चढते तितका हा धडा पक्का होतो. दोनेक तासांत पुरुषाने पाच किंवा स्त्रीने चार पेले घेणे ही बिंज ड्रिंकिंगची, म्हणजे झपाट्याने भरपूर पिण्याची, रूढ व्याख्या आहे.

अशा पिण्याची पुनरावृत्ती होत गेली की मेंदू तोल सावरू पाहतो. अल्कोहोल गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा दाबते. मेंदू उलट दिशेने जोर लावतो. नशा उतरताच तो उलटा जोर उघडा पडतो: थरथर, चिडचिड, झोप उडणे. डोपामिनचे ग्राही कमी झाल्याने जेवण, लेकरांचा खेळ, गावची जत्रा फिकी वाटू लागते. मग दारू आनंदासाठी राहत नाही, ती बेचैनी घालवण्यासाठी लागते. हळूहळू सूत्रे सवयीच्या मंडलाकडे जातात आणि पिण्याची आठवण देणारी खूण दिसताच हात पुढे होतो.

या भागात अशा खुणांना ठरलेला वार असतो. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांना आठवड्याची खर्ची मिळते आणि पावसाळ्याआधी हिशेब होतो. धाटावच्या कारखान्यांत पगाराचा दिवस असतो. हातात एकदम आलेले पैसे आणि आठवडाभराचे अंगमोड कष्ट एकाच संध्याकाळी भेटतात. हा दोष कोणा जमातीच्या स्वभावाचा नाही. याच तऱ्हेने कष्ट करणाऱ्या आणि मजुरी घेणाऱ्या कुणाच्याही मेंदूने हाच धडा घेतला असता.

उपायही याच मातीत उभे राहिले. रोह्यात 1920 मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय चळवळीतून आणि रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींच्या निरूपणाच्या बैठकीतून अनेक आगरी-कोळी घरांतली दारू सुटली. बैठक आठवड्याला, ठरल्या वेळी भरते. पिण्याच्या जागी नव्या सोबतीची सवय लागते, हे तिचे बळ. वैद्यकात नाल्ट्रेक्सोन हे औषध दारूच्या मोबदल्याची धार बोथट करते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास झटके आणि भ्रम येऊन जीव जाऊ शकतो, म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढावे लागतात. झोप आणि थरथर आठवड्यांत सुधारतात, फिका झालेला आनंद परतायला महिने लागतात, आणि गुत्त्याच्या वळणावर पाय अडखळणे सर्वात शेवटी जाते.