कॅमेऱ्यांतला आरसा

हौशी मनुष्य आज पहिला कॅमेरा घ्यावयास दुकानांत गेला, तर विक्रेता त्याच्यापुढें जो लहानसा, हलका, भिंग बदलतां येणारा कॅमेरा ठेवतो, त्याला 'मिररलेस', म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, असें म्हणतात. नांव मोठें चमत्कारिक आहे. एखाद्या वस्तूला तिच्यांत काय नाहीं यावरून नांव पडावें, असें क्वचितच घडतें. मोटारीला आरंभीं लोक बिनघोड्याची गाडी म्हणत, तशांतलाच हा प्रकार. तेव्हां, श्रोतेहो, हा आरसा कॅमेऱ्यांत शिरला कां, आणि त्याला बाहेर काढण्यास इतकीं वर्षें कां लागलीं, हें आज सांगावयाचें आहे.

लहान कॅमेऱ्याचा इतिहास आरशापासून सुरू होत नाहीं. जर्मनींतील वेत्झलार येथें लाइट्झचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. १९११ सालीं तेथें ऑस्कर बारनॅक नांवाचा यंत्रज्ञ नोकरीस लागला. त्याला दम्याची व्यथा होती. त्या काळचा प्लेटांचा अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन रानावनांत हिंडणें त्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. त्यानें चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी धरली, आणि २४ बाय ३६ मिलिमीटर मापाचें चित्र घेणारी एक चिमुकली पेटी १९१४ च्या सुमारास तयार केली. मध्यंतरीं महायुद्ध झालें, जर्मन चलनाचा ऱ्हास झाला. आणि १९२५ सालीं लाइपझिगच्या प्रदर्शनांत ती 'लायका' या नांवानें लोकांपुढें आली. तिच्यांत आरसा नव्हता. पाहणाऱ्याचा डोळा वरच्या लहानशा खिडकींतून पाही, आणि भिंग आपल्या जागेवरून पाही. दूरच्या दृश्याला एवढ्यानें भागे. पण जवळचें फूल टिपूं गेलें कीं डोळ्याचें एक आणि भिंगाचें दुसरेंच होई. लांब पल्ल्याचें भिंग लावलें तरी अडचण होतीच.

भिंग जें पाहतें तेंच डोळ्याला दिसावें, यासाठीं हातांतल्या कॅमेऱ्यांत आरशाची योजना झाली. फिल्म ही मुकी. तिनें काय पाहिलें तें रसायनांत धुतल्यावांचून ती सांगत नाहीं. म्हणून तिच्या पुढ्यांत एक तिरपा आरसा उभा करावयाचा. भिंगांतून आलेला प्रकाश त्यानें वर वळवावयाचा. आणि कळ दाबतांच टुणकन् उडी मारून वाट मोकळी करावयाची! ड्रेस्डेनच्या 'किने एक्झाक्टा'नें १९३६ सालीं ही युक्ति ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आणली. तिच्यांत मान खालीं घालून पाहावें लागे, आणि डावें तें उजवें दिसे. १९४९ च्या 'कॉन्टॅक्स एस'मध्यें पंचकोनी लोलक आला, तेव्हां मान वर झाली. तरी चित्र घेतल्यावर आरसा वरच अडकून राही, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढें अंधार. १९५४ सालीं जपानच्या 'असाहिफ्लेक्स'च्या एका सुधारलेल्या आवृत्तींत तो क्षणार्धांत परत खालीं येऊं लागला. १९५९ सालीं 'निकॉन एफ' निघाला, आणि पुढें धंदेवाईक छायाचित्रकार बहुसंख्येनें आरशाच्या पक्षाला मिळाले. सोय झाली खरी, पण किंमत द्यावी लागली. आरशाला हालावयास जागा हवी. म्हणून पेटी जाड, भिंग पुढें, डोक्यावर लोलकाचें टेंगूळ, आणि दर चित्रागणिक खटका.

त्याच १९५९ सालीं जपानांतच दुसऱ्या एका माणसानें उलट वाट धरली. मला तर या साऱ्या हकीकतींत तोच अधिक जवळचा वाटतो. योशिहिसा माइतानी १९५६ सालीं ऑलिंपस कंपनींत लागला. स्वतः लायका वापरणारा हा तरुण. पण कॅमेरा करावयाचा तो मात्र सहा हजार येनांत, असा त्याचा हट्ट. गंमत अशी कीं काटकसर त्यानें भिंगांत केली नाहीं. भिंग उत्तम घेतलें, आणि बाकी सर्व साधें ठेवलें. फिल्म पुढें सरकविण्यास पाठीमागें एक दांतेरी चाक, एवढेंच. चित्राचें माप निम्में केल्यामुळें छत्तीस चित्रांच्या फिल्मवर बहात्तर चित्रें निघत. 'ऑलिंपस पेन' हें त्याचें नांव. लेखणीसारखा नेहमीं जवळ बाळगावा, हा हेतु. नवशिक्याला दर चित्राचा खर्च मोजावा लागे, अशा काळांत ही बहात्तर चित्रें म्हणजे छत्तीस अधिक चुका करण्याची मोकळीकच होती.

पुढें फिल्मच्या जागीं सेन्सर आला, आणि मुकी फिल्म जाऊन बोलकी आली. १९९५ च्या 'कॅसिओ क्यूव्ही-१०' या खिशांतल्या कॅमेऱ्याच्या पाठीवर पडदा होता. भिंगाला दिसेल तें त्यावर तत्काळ उमटे. आरशाचें काम खरें म्हणजे तेथेंच संपलें. पण मोठ्या कॅमेऱ्यांतून तो हाललाच नाहीं. कारणें खोटीं नव्हतीं. पडद्यावरचें चित्र मागें रेंगाळे, वीज फार खाई. आणि आरशामार्फत नेम साधणारी यंत्रणा फारच चपळ होती. शिवाय ज्यांचीं कपाटें जुन्या भिंगांनीं भरलेलीं, त्यांना नवें माप कसें परवडावें? तेव्हां आरसा टाकण्याचें धैर्य प्रथम दाखविलें तें ज्यांना गमावण्यासारखें थोडें होतें त्यांनीं. पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांनीं २००८ सालीं मिळून नवें माप ठरविलें. भिंग आणि सेन्सर यांतील अंतर जवळजवळ निम्म्यावर आलें. त्याच वर्षीं पॅनासॉनिकचा 'जी१' निघाला, आणि जून २००९ मध्यें ऑलिंपसनें जुनेंच नांव घेऊन 'पेन ई-पी१' काढला. पहिल्या पेनला तेव्हां पन्नास वर्षें होत होतीं. माइतानी त्याच वर्षीं ३० जुलै रोजीं वारला.

हा नवा पेन निर्दोष मुळींच नव्हता. डोळा लावावयास खिडकी नाहीं, उन्हांत पडदा फिका, आणि धांवतें मूल टिपावें तर नेम साधेपर्यंत मूल अंगणाबाहेर! २०१० सालीं सोनीनें अधिक मोठा सेन्सर तशाच लहान पेटींत बसविला. नेम साधण्याची यंत्रणा पुढें सेन्सरवरच आली. निकॉननें २०११ सालीं आणि कॅननानें २०१२ सालीं जरा बिचकतच पाऊल टाकलें; या दोन्ही पहिल्या मालिका पुढें बंद पडल्या. मनापासून ते दोघे उतरले २०१८ सालीं. वाट पाडणाऱ्या ऑलिंपसला मात्र तोंवर धंदा झेपेना. २०२१ च्या आरंभीं त्याचा कॅमेऱ्यांचा विभाग वेगळ्या कंपनीच्या हातीं गेला.

नवशिक्याचा खरा लाभ केवळ वजनाचा नव्हे. आरशांतून दिसे तें दृश्य. चित्र काळवंडणार कीं पांढरें पडणार, तें मागाहून कळे. आतां कळ दाबण्यापूर्वींच चित्राची उजेड-छाया डोळ्यापुढें असते, आणि चाक फिरवितांच ती बदललेलीहि दिसते. फिल्म धुवून येईपर्यंत आठवडा काढावा, आणि तोंवर आपण कोणतें माप ठेविलें होतें हेंच विसरावें, हा जुना शिरस्ता त्यामुळें मोडला.

सर्वांनींच आरशाला निरोप दिला असें मात्र नाहीं. १९५४ सालीं ज्या असाही कंपनीनें त्याला परत खालीं यावयास शिकविलें, तिचा वारसा चालविणाऱ्या पेंटॅक्सनें २०२१ सालीं 'के-३ मार्क ३' हा नवा कॅमेरा काढला. त्यांत आरसा आहे.