शेतकऱ्याचा पोर मंत्री झाला : डॉ. पंजाबराव देशमुख

मंत्री पुष्कळ होतात आणि जातात. खुर्ची गेली की नावही जाते. पण वऱ्हाडात आजही ‘भाऊसाहेब’ म्हटले की म्हातारी माणसे हात जोडतात. असे का, हे आपल्या तरुणांना ठाऊक असले पाहिजे.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. १९२० साली ते विलायतेला गेले. बॅरिस्टर झाले, ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय काय, तर वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास! ज्या ग्रंथांना हात लावायची बहुजनांना बंदी होती, त्यांचीच या शेतकऱ्याच्या पोराने चिकित्सा केली.

१९२६ ला परत आल्यावर वकिली करून गडगंज होता आले असते. पण अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, तिच्यात ते पुढे होते. याच प्रश्नावर १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला परिषद भरली. स्वतःला प्रवेश असताना दुसऱ्याच्या हक्कासाठी जातवाल्यांचा रोष पत्करणे सोपे नसते. पुढे १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. महाडच्या तळ्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे आली. ती द्विदल राज्यपद्धती होती. तिजोरी, पोलीस आणि जमीन महसूल गव्हर्नरच्या माणसांकडे, अन् पैसे लागणारी खाती आपल्या मंत्र्यांकडे. म्हणजे औत दिले पण बैल दिले नाहीत! तरी त्यांनी हात टेकले नाहीत. सावकारी पाशात शेतकरी पिचला होता. १९३३ मध्ये प्रांतात कर्ज लवाद कायदा झाला. सावकार आणि कुळ यांना समोरासमोर बसवून कर्जाची तडजोड करायची, अशी त्यात सोय होती. त्याच साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

मंत्रिपद गेले, पण काम उरले. मंत्री असतानाच त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली होती. खेड्यातल्या पोरांना शाळा, कॉलेज, वसतिगृह मिळाले. नांगर धरणाऱ्याच्या घरात पहिला पदवीधर झाला तो अशा संस्थांमुळे.

पुढे ते घटना समितीत होते. तिथे त्यांनी मागासलेल्या शेतकरी जातींचा प्रश्न लावून धरला. १९५२ ते १९६२ केंद्रात त्यांनी शेती खाते सांभाळले. १९५५ ला भारत कृषक समाज स्थापला, १९५९-६० ला दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. १० एप्रिल १९६५ ला त्यांचे निधन झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आता हिशेब करा. प्रांतातले मंत्रिपद जेमतेम तीन वर्षांचे, पण विहीर, शाळा आणि कर्जमुक्ती या तिन्हींवर त्यांनी हात घातला. आपल्या वस्तीत मत मागायला कोणी आला तर त्याला हेच विचारा : बाबा, तुझी खुर्ची गेल्यावर आमच्या पोरांसाठी मागे काय राहील?