तळेगाव दशासर ते निजामुद्दीन : ‘हे कशाचे चित्र आहे?’ या प्रश्नाचा इतिहास

आजचा धागा थोडा लांबणार आहे. विषय आहे अमूर्त चित्रकला. ‘त्यात इतिहास कसला?’ असे वाटत असेल, तर सुरुवात आपल्या अगदी शेजारून करू.

चांदूर रेल्वेच्या शेजारचे तळेगाव दशासर शंकरपटासाठी प्रसिद्ध आहे. (जुन्या कागदांत हेच गाव ‘दशसहस्र’ या भारदस्त नावाने भेटते.) बैलजोडीच्या धावेसाठी लोक कुठून कुठून येत. याच गावात १५ ऑगस्ट १९१७ रोजी हरी अंबादास गाडे यांचा जन्म झाला. स्वातंत्र्याच्या दिवशी ते बरोबर तीस वर्षांचे झाले, आणि भारतीय चित्रकलेत क्रांती करणाऱ्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ची स्थापना १९४७ सालीच झाली. तिच्या सहा संस्थापकांपैकी गाडे एक. उरलेले पाच म्हणजे सूझा, रझा, हुसेन, आरा आणि बाकरे.

हुसेन, रझा, सूझा ही नावे आपण ऐकलेली असतात. गाडे हे नाव मात्र आपल्याच जिल्ह्यात सांगावे लागते.

तो काळ ध्यानात घ्या. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे होते. १९०२ च्या करारान्वये ते कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि पुढच्याच वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला. राजधानी नागपूर, आणि १९२३ पासून विद्यापीठही नागपूरलाच. त्यामुळे शिकू पाहणाऱ्या वऱ्हाडी मुलाची पहिली वाट पूर्वेकडे, नागपूरकडे जाई. मुंबई नंतरची. गाडे त्याच वाटेने गेले. त्यांनी नागपूर विद्यापीठाची पदवी घेतली ती विज्ञानाची, आणि चित्रकला शिकले तीही नागपूरच्याच कलाशाळेत. त्याच शाळेत १९३९ ते १९४३ या काळात मंडल्याकडून आलेला सय्यद हैदर रझा नावाचा तरुण शिकत होता. ‘बॉम्बे’ म्हणवल्या जाणाऱ्या त्या चळवळीची एक मुळी अशी विदर्भाच्या मातीत होती, ही गोष्ट मुंबईकेंद्री कलेतिहासात एखाद्या ओळीत उरकली जाते.

गाडे यांची चित्रे प्रामुख्याने निसर्गदृश्यांची. घरे, झाडे, गावे, डोंगर सगळे तिथे असते, पण जसे दिसते तसे नसते. घराची भिंत एक आयत होते, छप्पर एक त्रिकोण, आकाश रंगांच्या तुकड्यांत विभागले जाते. रंग जाड आणि ठाम. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आकृती सोडवावी तशी रचना, आणि त्या रचनेत रंगाला दिलेली पूर्ण मोकळीक. स्वातंत्र्योत्तर भारतातल्या अमूर्ताकडे वळणाऱ्या अगदी पहिल्या चित्रकारांत त्यांची गणना होते, ती यामुळे. दृश्य पुरते सोडून न देता त्यांनी ते उंबरठ्यापर्यंत आणून ठेवले.

७ जुलै १९४९ रोजी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलॉनमध्ये ग्रुपचे पहिले प्रदर्शन उघडले. उद्घाटक होते लेखक मुल्कराज आनंद. प्रेक्षकांना तोवर दोन प्रकारच्या चित्रांची सवय होती : हुबेहूब विलायती शैलीची, नाहीतर पुनरुज्जीवनवादी पौराणिक प्रसंगांची. दोन्हींत ‘हे कशाचे चित्र?’ या प्रश्नाला तत्काळ उत्तर मिळे. १९४९ नंतर ते उत्तर मिळणे हळूहळू बंद होत गेले.

आता तो उंबरठा ओलांडणाऱ्याकडे वळू.

वासुदेव संतू गायतोंडे. जन्म २ नोव्हेंबर १९२४, नागपूर. घराणे गोव्याचे, बालपणीच मुंबईला आलेले, वाढ गिरगावच्या चाळीतली. त्यामुळे ‘आमचे नागपूरचे गायतोंडे’ हा अभिमान जरा जपूनच मिरवावा. १९४८ साली जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी घेतली. तिथे अहिवासींच्या भारतीय चित्रकलेच्या वर्गाचा आणि शंकर पळशीकरांसारख्या शिक्षकाचा सहवास मिळाला. १९५० च्या सुमारास प्रोग्रेसिव्ह ग्रुपने त्यांना सामावून घेतले. सुरुवातीच्या चित्रांत माणसे आहेत, लघुचित्रांतले सपाट तेजस्वी रंग आहेत, पुढे पॉल क्ले या स्विस चित्रकाराच्या रेषेची ओढ आहे. पन्नाशीचे दशक संपता संपता माणसे गेली, वस्तू गेल्या, रेषाही गेली. उरला तो रंग आणि त्यातला प्रकाश.

स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे. ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा ते पसंत करीत. हा शब्दच्छल नव्हे. ‘अमूर्त’ म्हणताना आपण गृहीत धरतो की आधी काही मूर्त होते आणि चित्रकाराने त्यातून सार काढले. गाडे यांच्याबाबत ते खरे आहे : आधी गाव होते, मग त्याचे आयत झाले. गायतोंडे यांच्या चित्राआधी गाव नव्हतेच.

मग चित्र येते कुठून? ‘अंतःप्रेरणेतून’ हे ठरलेले उत्तर. हा शब्द मराठीत फार स्वस्त झाला आहे. अंतःप्रेरणा म्हणजे मनाला येईल तसे रंग फासणे, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि मग ‘हे तर आमचा लहानगाही करील’ हे वाक्य येतेच. म्हणून त्यांची कामाची रीत नीट पाहू.

कुंचला त्यांनी बराचसा बाजूला ठेवला होता. हत्यारे दोन : रूळ आणि रंग-सुरी. तेलरंग पातळ करून कॅनव्हासवर एक थर द्यायचा, रूळ फिरवायचा, काही भाग सुरीने खरवडून काढायचा, पुन्हा थर द्यायचा. पुढच्या काळात कागदाचे फाटके तुकडे रंगवून ते कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलून घ्यायचे, म्हणजे मागे एक ठसा उरतो, हीही युक्ती आली. त्या ठशांतून कधी न वाचता येणाऱ्या लिपीतल्या अक्षरांसारखे आकार उमटतात.

यात योगायोगाला भरपूर जागा आहे. रूळाखाली रंग नेमका कसा पसरेल, कागद उचलल्यावर काय चिकटून राहील, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. पण योगायोगाने उमटलेले ठेवायचे की पुसायचे, हा निर्णय योगायोग घेत नाही. तो चित्रकार घेतो, आणि त्यासाठी गायतोंडे खूप वेळ घेत. कॅनव्हाससमोर तासन्‌तास बसणे हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. वर्षाकाठी पुरी होणारी चित्रे जेमतेम पाच-सहा. मनाला येईल तसे फासणाऱ्याचा हा हिशेब नव्हे. गवय्याला पुढचा स्वर आधी ठरवावा लागत नाही, पण चुकीचा स्वर त्याला क्षणात कळतो. तो कळण्यामागे किती वर्षांचा रियाज असतो, ते आपण गाण्याच्या बाबतीत विनातक्रार मान्य करतो. चित्रकाराकडून मात्र पुरावा मागतो.

झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता आणि मौनाला त्यांच्या बोलण्यात मोठे स्थान होते. यावरून त्यांना ‘चित्रकार-संन्यासी’ ठरवण्याची एक प्रथा पडली आहे. मला ती अपुरी वाटते. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळवणारा, १९६४ साली रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला जाणारा, पाश्चात्त्य संगीतही आवडीने ऐकणारा हा माणूस जगाकडे पाठ फिरवून बसला नव्हता. १९६३ मध्ये मॉरिस ग्रेव्ह्ज हा अमेरिकन चित्रकार मुंबईत त्यांना भेटला आणि त्यांची चित्रे पाहून इतका भारावला की न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीला त्याने पत्र धाडले. त्या गॅलरीत पुढे गायतोंडे यांचे प्रदर्शन झाले. त्यांचे १९६२ चे एक चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रही आहे. मौन होते, पण ते कामासाठी होते.

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ साली ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागातल्या लहानशा जागेत राहू लागले. १९८४ मध्ये अपघात झाला. मोठा कॅनव्हास पेलण्याची ताकद काही वर्षे शरीरात राहिली नाही. त्या वर्षांत त्यांनी कागदावर लहान लहान शाईची कामे केली. थर गेले, रंग गेला. पांढऱ्यावर काळ्या खुणा राहिल्या. नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे आले. ती कागदावरची कामे मला फार महत्त्वाची वाटतात. त्यांची किमया केवळ रंगाच्या तांत्रिक करामतीत होती असे म्हणणाऱ्यांना ती परस्पर उत्तर देतात.

आता पाहणाऱ्याची बाजू.

गायतोंडे यांच्या चित्रासमोर पहिल्या अर्ध्या मिनिटात बहुधा काहीच घडत नाही. एक पिवळा, करडा किंवा निळसर पृष्ठभाग दिसतो. मग डोळा स्थिरावतो. कुठेतरी कड धूसर होताना दिसते, एक आकार वर येतोय की बुडतोय ते ठरत नाही, आणि उजेड चित्रावर पडलेला नसून चित्राच्या आतून येतोय असे वाटू लागते. हा भास नाही, त्याला भौतिक कारण आहे. पातळ, अर्धपारदर्शक थरांतून प्रकाश आत शिरतो, खालच्या उजळ थरावर आपटून परत येतो. जाड अपारदर्शक रंग तो वरच्यावर परतवतो. म्हणून गायतोंडे यांचा रंग आणि गाडे यांचा रंग दोन वेगळ्या जातीचे आहेत : एक आत ओढतो, दुसरा सामोरा येतो.

यामुळेच मोबाइलवर गायतोंडे ‘दिसत’ नाहीत. पडद्यावर रंग उरतो, थर उरत नाहीत.

‘पण आमच्या माणसाला हे कळायचे कसे?’ हा प्रश्न मला मुळातच पटत नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही गावाच्या शिवेवर जा. झाडाखाली शेंदूर माखलेला दगड असतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत. अशा निराकार देवाला आपल्याकडे ‘तांदळा’ हा स्वतंत्र शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढतात आणि मूळचा आकार त्यांच्याखाली गडप होतो. वणीच्या सप्तशृंगीचे शेंदराचे कवच २०२२ मध्ये उतरवले, तेव्हा देवीचे मूळ रूप पाहून भाविक चकित झाले होते. पण कवच असताना कुणी ‘हे कशाचे शिल्प आहे’ म्हणून अडून बसले होते का? आकार ओळखू न येताही समोर उभे राहणे आपल्याला पिढीजात येते. गायतोंडे यांनी हे तांदळ्यावरून घेतले असा दावा मी करीत नाही. तसा पुरावा नाही. बोलतो आहे ते पाहणाऱ्याच्या डोळ्याबद्दल.

तीच गोष्ट सारवलेल्या अंगणाची. आजीच्या हाताची अर्धवर्तुळे, कुठे गडद कुठे फिकी, तिन्हीसांजेच्या उजेडात आपण पाहिलेली असतात. त्यांचा अर्थ आपण विचारत नाही, पण सारवण कुणी जीव लावून केले आणि कुणी उरकले हे आपल्याला बरोबर कळते.

अडसर अज्ञानाचा नाही, किमतीचा आहे, असे माझे मत आहे. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या संस्थेच्या भारतातल्या पहिल्याच लिलावात गायतोंडे यांचे १९७९ चे चित्र सुमारे २३ कोटी ७० लाखांना विकले गेले. दोन वर्षांनी दुसरे त्याहून महाग गेले. त्यानंतर त्यांचे नाव बातम्यांत आले ते कोटींच्या आकड्यासह. आकडा एकदा डोक्यात शिरला की माणूस चित्र पाहत नाही, आकडा वसूल होतोय का ते पाहतो. याच सुमारास, ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. तिथे त्यांच्या कामाची रीत केंद्रस्थानी होती. आपल्याकडे चर्चा लिलावाचीच अधिक झाली. मराठीत सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने गायतोंडे यांच्यावर अंक आणि ग्रंथ काढला, हा सुखद अपवाद.

आणि गाडे? बाजाराचा झोत त्यांच्यावर तितका पडला नाही. दोघेही २००१ सालीच गेले, गायतोंडे ऑगस्टमध्ये आणि गाडे डिसेंबरमध्ये. एकाच्या नावाची चर्चा जगभर आहे आणि दुसऱ्याचे गाव आपल्या बसच्या पाटीवर असूनही आपण त्याला ओळखत नाही. गाडे थोर की गायतोंडे, हा वाद मला घालायचा नाही. गाडे यांच्या चित्रातले घर ओळखू येते, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करणे वऱ्हाडच्या वाचकाला सोपे जाईल, एवढेच माझे म्हणणे. घर ओळखा, मग त्या घराचा आयत पाहा, मग आयताचा रंग. तिथून गायतोंडे यांच्यापर्यंतचे अंतर फार नाही.

मुंबईला जाणे झाले तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे. त्यात गायतोंडे आहेत. मांडणी बदलत असते, तेव्हा आधी चौकशी करून जा. एकाच चित्रासमोर दहा मिनिटे थांबा, थोडे बाजूला सरकून तिरक्या उजेडात रूळाच्या खुणा शोधा आणि शेजारची पाटी शेवटी वाचा. तिच्यावर बहुतेक ‘शीर्षकविहीन’ एवढेच लिहिलेले असेल.