नाव कूलोमचे, माप तारायंत्राचे

प्रत्येकी एक कूलोम प्रभाराच्या दोन गोळ्या मीटरभर अंतरावर ठेवता आल्या असत्या, तर त्यांनी एकमेकींना सुमारे नऊ लाख टन वजनाइतक्या जोराने लोटले असते. अर्थात एवढा प्रभार एका गोळीवर टिकतच नाही. मग प्रभाराचे एकक इतके अवाढव्य का? ज्याचे नाव त्याला मिळाले, त्याचा सारा खेळ तर भेंडाच्या गोळीचा होता.

शार्ल ऑग्युस्तँ द कूलोम (१७३६–१८०६) हा फ्रेंच लष्करातला इंजिनीअर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली आणि तब्येतही. त्याचा १७८५ सालचा तराजू तारेच्या पिळावर चालायचा: अतिशय बारीक चांदीची तार, तिला टांगलेली आडवी काडी, काडीच्या टोकाला भेंडाची गोळी आणि शेजारी तशीच दुसरी, स्थिर. दोन्हींना सारखा प्रभार दिला, तेव्हा त्या ३६ अंश दूर झाल्या. अंतर १८ अंशांवर आणायला तारेला वरून १२६ अंश पीळ द्यावा लागला. म्हणजे एकूण पीळ १४४ अंश, ३६च्या बरोबर चौपट. अंतर निम्मे, जोर चौपट. प्रभाराचे एकक त्याच्यापाशी नव्हते आणि या प्रयोगाला त्याची गरजही नव्हती. गुणोत्तरावर भागत होते.

पुढे क्रांती झाली. नवी वजनमापे ठरवणाऱ्या समितीत तोही होता, पण १७९३च्या डिसेंबरात लाव्हाझिए, लाप्लास यांच्याबरोबर त्यालाही तिथून काढून टाकण्यात आले. मापांच्या इतिहासात त्याचे नाव परतले ते ८८ वर्षांनी, आणि तेही तारायंत्रवाल्यांच्या गरजेतून.

१८५८ सालची अटलांटिकची समुद्री तार काही आठवड्यांतच मुकी झाली. सुएझहून तांबड्या समुद्रामार्गे कराचीला आणलेली तारही टिकली नाही. पैसा बुडाल्यावर मोजमापाची निकड सगळ्यांनाच पटली: तार चांगली की वाईट, हे कुठल्या मापाने ठरवायचे? १८६१ साली मँचेस्टरला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क या तारायंत्राच्या इंजिनीअरांनी शास्त्रज्ञांची नावे एककांना द्यायची कल्पना मांडली. गंमत म्हणजे त्यांच्या यादीत ‘फॅरड’ हे प्रभाराचे एकक होते आणि ‘व्होल्ट’ रोधाचे! भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनच्या पुढाकाराने समिती बसली. तिने गाउस आणि वेबर यांची लांबी, वस्तुमान व काळ यांवर उभारलेली पद्धत घेतली, पण त्यातली एकके व्यवहारात फारच गैरसोयीची. म्हणून त्यांचे दहाच्या पटीत असे गुणक निवडले, की व्होल्ट (आता विद्युत दाबाचे एकक) तेव्हाच्या डॅनिअल विद्युतघटाच्या दाबाजवळ यावा आणि रोधाचे एकक ओहम तारवाल्यांच्या हाताशी बसावा. व्होल्टला ओहमने भागले की धारेचे एकक मिळते आणि त्याला सेकंदाने गुणले की प्रभाराचे; म्हणून कूलोमचा आकार तिथेच ठरून गेला होता. नाव तेवढे मिळायचे होते.

ते १८८१च्या पॅरिसच्या विद्युत परिषदेत मिळाले. एक अँपिअर धारा एका सेकंदात जेवढा प्रभार वाहून नेते, तो एक कूलोम. अँपिअर आणि कूलोम ही दोन्ही नावे फ्रेंच आणि यजमानही फ्रेंच. हा निव्वळ योगायोग होता, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

त्यानंतर कूलोम अँपिअरमागे फरफटत राहिला. १९०८ साली लंडनला ठरले, की रौप्य क्षाराच्या द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी साचवणारी धारा म्हणजे एक अँपिअर. त्यामुळे कूलोमही चांदीत तोलला जाऊ लागला. १९४८ साली चांदी गेली आणि दोन समांतर तारांमधले बल आले.

दरम्यान भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने शिकागोत तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला होता. २० मे २०१९पासून त्या प्रभाराचा आकडा कायमचा गोठवला गेला: १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात, इतके कूलोम. म्हणजे सुमारे सव्वासहा अब्ज अब्ज इलेक्ट्रॉनांच्या प्रभाराएवढा एक कूलोम, आणि सेकंदाला तेवढा प्रभार वाहिला की एक अँपिअर. नाते उलटे झाले, तरी सात मूलभूत एककांच्या यादीत अँपिअरच बसलेला आहे. कूलोमची गणना अजून साधित एककांतच होते.