भेट दिलेले एक बुद्धचरित्र

इंग्लंडात नाताळ हा पुस्तकांचाही सण असतो. डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरोल' १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले, ते सणाचा मुहूर्त साधूनच. मराठीत सणाची आणि वाचनाची सांगड 'मनोरंजन'च्या १९०९ च्या दिवाळी अंकाने घातली. पण दिवाळी अंक आपण बहुधा स्वतःसाठी घेतो. (शेजारी तो मागून नेतात, ही गोष्ट वेगळी.) दुसऱ्याच्या हाती पुस्तक ठेवण्याचे आपल्याकडचे मोठे प्रसंग सणांबाहेरच घडलेले दिसतात.

१८९३ साली रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने ना. वा. टिळकांना 'नवा करार' भेट दिला. त्यामागची अपेक्षा उघड होती आणि १८९५ मध्ये ती फळाला आली. कृष्णराव अर्जुन केळुसकरांची भेट निराळ्या जातीची. त्यांचे बुद्धचरित्र १८९८ चे. ते त्यांनी भीमराव आंबेडकरांना दिले, ते १९०७ च्या मॅट्रिकनंतर, असे चरित्रकार लिहितात. स्वतः आंबेडकर मात्र 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी १९५६ साली लिहिलेल्या, पण पहिल्या आवृत्तीत न छापलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख करतात. वस्तीला सत्कार करायचा होता. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडील राजी नव्हते. केळुसकरांनी त्यांचे मन वळवले, अध्यक्षस्थान स्वीकारले आणि भाषणाअखेर आपले पुस्तक मुलाच्या हाती दिले. धर्मप्रसारकाने नव्हे, लेखकाने दिलेले हे पुस्तक होते. म्हणूनच मला ही भेट अधिक मोलाची वाटते.

वाचून मुलाने वडिलांनाच प्रश्न केला: रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही?

१९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. पुढे त्याला नाव मिळाले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. 'मिलिंदप्रश्ना'त प्रश्न विचारणारा राजा मिलिंद, उत्तरे देणारा भिक्खू नागसेन. विद्येच्या संस्थेला प्रश्नकर्त्याचे नाव द्यावे, यात त्या जुन्या प्रश्नाचा काही अंश असावा, असा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

जवळच असलेल्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी आंबेडकरांचे नाव जोडले गेले. दरवर्षी त्या दिवशी प्रवेशद्वारापाशी पुस्तकांची दुकाने लागतात. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' तिथे हमखास मांडलेले असते.