अकोल्याचा भाला, लंडनची हिरवळ

अकोल्याहून गाडीत चढलीस की भाला कुठं ठेवायचा, हा तुझा नेहमीचा पेच. लांबी सव्वादोन मीटर, वजन अवघं ६०० ग्रॅम. बडनेऱ्याला उतरून तू अमरावतीत, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर येतेस. दोरीच्या पकडीवर बोटं आवळतेस, डोळे मिटतेस.

उघडतेस तर साल १९३४. पायाखाली काळी माती नाही, लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमची हिरवळ आहे. समोर बर्मिंगहॅमच्या बर्चफील्ड हॅरियर्स क्लबची ग्लॅडिस लन. हातात लाकडी भाला. ती धावत येते, खांदा मागं नेते, रेषेच्या अलीकडं पाय रोवते. भाला सुटतो आणि ३२ मीटरच्या पुढं टोकावर रुततो. एम्पायर गेम्सचं सुवर्णपदक! याच स्पर्धेत ८८० यार्डांची शर्यतही तिचीच. चार वर्षांनी सिडनीत ती भालाफेकीचं कांस्य मिळवेल. पण ऑलिंपिकमध्ये तिला ८०० मीटर धावताच येणार नाही. १९२८ नंतर बायकांसाठी ती शर्यतच बंद झाली, ती थेट १९६० साली परतली. पायांत बळ होतं, धावायला शर्यत नव्हती.

आता दोन वर्षं पुढं चल. २ ऑगस्ट १९३६, बर्लिन ऑलिंपिक. जर्मनीची टिली फ्लायशर ४५.१८ मीटर भाला फेकते आणि स्टेडियम दणाणतं. याच ऑलिंपिकच्या निमित्तानं या शहरात मराठी बोल कानी पडतात. आपल्या अमरावतीचे गडी गोऱ्या लोकांना कबड्डी दाखवताहेत! १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेला तुझ्या मंडळाचा आखाडा इथवर पोचलाय. तुझा ऊर भरून येतो. मग तू ऑलिंपिकसाठी आलेला भारतीय संघ मोजतेस. २७ खेळाडू, त्यांत बाई एकही नाही.

डोळे उघड, पोरी. १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत एलिझाबेथ डेव्हनपोर्टनं भालाफेकीत रौप्य मिळवलं. २०२३ साली हांगझोऊला अन्नू राणीनं ६२.९२ मीटर फेकून सुवर्ण आणलं. लनला जे मिळालं नाही, ते मैदान आज तुझ्यासमोर मोकळं आहे. गाडीला अजून वेळ आहे. आणखी एक फेक कर.